सुईनबाईची वही: तेरा दिवसांचं एक प्रकरण

माझी आजी, गावची सुईन, २०२३ च्या माघात गेली. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, आमच्या अडीचशे उंबऱ्यांच्या गावात. तुरीची डाळ पाखडता पाखडता तिनं सूप बाजूला ठेवलं, "जराशीक पडतो" म्हणाली आणि उठली नाही.

बचत गटांची प्रकरणं लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. गट कसा उभा राहिला, कुठे फुटला, कर्ज का थकलं, हे मी दुसऱ्यांच्या गावात जाऊन लिहिते. हे प्रकरण माझ्या घरातलं आहे, तरी त्याच पद्धतीनं लिहिते आहे. कारण त्या तेरा दिवसांत आमच्यासमोर जो प्रश्न आला तो गावोगावी येतो आणि बहुतेक ठिकाणी पंगतीच्या गडबडीत हरवून जातो. जिनं चाळीस वर्षं गावाचं काम केलं आणि ज्याचा एकही कागद नाही, तिची आठवण धरायची कशी? घरच्यांच्या इच्छेवरून मी कोणाचंच नाव घातलेलं नाही.

व्यवसायाचा रकाना

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते. चौथ्या दिवशी मी आणि मोठे बाबा, म्हणजे माझे थोरले काका, ग्रामपंचायतीत गेलो. नमुना २ भरताना वयापाशीच पहिली अडचण आली. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९४८. ज्यांची तारीख कोणालाच ठाऊक नव्हती अशा आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांचा जन्म कार्डावर १ जानेवारीचाच आहे. आजी मात्र स्वतःचा जन्म पक्का सांगायची: "आष्टीले गोळ्या चालल्या त्या सालची मी." आष्टीचा गोळीबार १६ ऑगस्ट १९४२ चा, नागपंचमीचा. तिचं माहेर त्याच तालुक्यातलं. म्हणजे ती एक्क्याऐंशीच्या घरात होती, कागदावर पंच्याहत्तर.

मग आला मृताच्या व्यवसायाचा रकाना. ग्रामसेवकांनी न विचारता 'घरकाम' लिहिलं. मी म्हटलं, सुईन लिहा. त्यांनी सरळ विचारलं, "पैसे घेत होत्या का?" नव्हती घेत. बारशाला कोणी लुगडं दिलं, कोणी दोन पायल्या ज्वारी दिली, तेवढंच. "मग व्यवसाय कसा लिहू, ताई?" माणूस वाईट नव्हता. त्याचा जन्म आर्वीच्या दवाखान्यातला आणि रकाना जसा होता तसा त्यानं भरला. आम्ही घरी आलो. मोठे बाबा वाटेत एकच वाक्य बोलले: "मायनं मले कितीदा उपाशी ठेवलं दुसऱ्याच्या बाळंतपणासाठी, अन् कागदावर घरकाम."

तिनं केलेल्या बाळंतपणांची वही करायचं त्या संध्याकाळी ठरलं.

ती काय करत होती

सासूच्या हाताखाली ती शिकली. त्या काळी नाळ विळ्यानं कापत, वर राख नाहीतर शेण लावत. लेकरू आठवड्याभरात ताठ होऊन, तोंड मिटून जायचं आणि घरात 'बाहेरची बाधा' म्हणत. तो धनुर्वात होता. १९७७ नंतर खेड्यातल्या हजार माणसांमागे एक शिकवलेली दाई तयार करायचं सरकारी धोरण आलं. त्यात आजी महिनाभर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आली. येताना अॅल्युमिनियमची पेटी घेऊन आली. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं स्वच्छ, धागा स्वच्छ, नाळ स्वच्छ, हे पाच धडे तिला शेवटपर्यंत पाठ होते. पाचही बोटं एकेक करून मिटत ती ते म्हणायची. नाळेवर काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची, यावरून तिचं पहिलं भांडण झालं ते सासूशीच. दुसरं भांडण चिकाचं. पहिलं पिवळसर दूध पिळून टाकून द्यायचं आणि लेकराला गुळाचं पाणी चोखवायचं, ही रीत तिनं घराघरातून मोडून काढली. बाजेखाली धुराची शेगडी ठेवणं मात्र तिला पूर्ण बंद करता आलं नाही. आमच्या गल्लीतच दोन घरं तिचं ऐकत नव्हती.

देशातला माता आणि नवजात धनुर्वात संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये मान्य केलं. त्यामागे लसीचं मोठं काम आहे, दवाखान्यांचं आहे. पण लस यायच्या आधी विळा हातातून काढून घेणारं कोणीतरी लागलं, आणि प्रत्येक गावात ती एखादी बाई होती. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. मी ते कॉलेजात शिकले तेव्हा सुट्टीत घरी येऊन आजीला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मंग? बाईले शिकवलं तं बाई करते." आणि कापूस वेचायला गेली.

बौद्धपुऱ्यात ती सुरुवातीपासून जायची. तिथल्या घरचं पाणी प्यायली म्हणून सासूनं तिला थंडीत अंगणात आंघोळ करायला लावली, ही गोष्ट आम्हाला घरात कोणी सांगितली नव्हती. ती पुऱ्यातल्या एका आजीनं सांगितली, आणि पुढे म्हणाली, "थे दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, अन् पुन्हा पाणी मांगून पेली."

मोहाच्या दारूविरुद्ध बायांचा मोर्चा, बचत गटाची सुरुवातीची पासबुकं, शाळेच्या आवारातली कडुनिंबाची रांग, यातही ती होती. पण त्यात बाकीच्याही होत्या. बाळंतपण तेवढं तिचं एकटीचं.

वही कशी भरली

शंभर पानी वही, मी आणि गावातल्या बारावीच्या दोन मुली. पहिले दोन दिवस वाया गेले, असंच म्हणते. आम्ही विचारायचो, "आजीबद्दल सांगा." सगळीकडे एकच उत्तर: देवमाणूस होती. पाच पानं देवमाणसानं भरली आणि ती वाचताना मला माझीच आजी दिसेना. माझ्या कामात हे मी अनेकदा पाहिलं आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, आणि चांगलं बोलायला लागलं की माणूस विरघळून जातो.

तिसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. "तुमच्या लेकराची नाळ कोणी कापली? कशानं? कंदील कोणी धरला होता? पाऊस होता का ऊन?" आणि बाया बोलायला लागल्या. कोणाच्या घरी ब्लेड नव्हतं तर आजीनं दुकानदाराला रात्री दोनला उठवलं. एकीला तीन दिवस कळा येत होत्या, तेव्हा आजीनं तिला घरभर चालवलं आणि स्वतःही सोबत चालली. एकीच्या नवऱ्याला पाचवी मुलगी झाल्याचं सांगायला ती स्वतः ओसरीवर गेली आणि म्हणाली, "तोंड वाकडं करशीन तं लेकरू मी घरी नेतो." ती पाचवी मुलगी आता नागपुरात परिचारिका आहे.

सालं कोणालाच सांगता येत नव्हती. मग आम्ही खुणा लावल्या: बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी, इंदिरा गांधी गेल्या ती दिवाळी, मोवाडचा पूर. मोवाडचा पूर १९९१ च्या जुलैचा. वर्धा नदीकाठच्या माणसाला तो विचारला की पुढची-मागची दहा वर्षं आपोआप जागेवर बसतात.

एक गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली. पहिलटकरीण माहेरी येते. म्हणून वहीत गावच्या लेकींचं पहिलं बाळंतपण सापडत होतं आणि सुनांचं दुसरं, तिसरं. लेकींची ती लेकरं आता दुसऱ्याच गावांत आहेत, तळेगाव, कारंजा, तिवसा, पुलगाव. तेरवीपर्यंत १४३ नोंदी झाल्या. खरा आकडा कितीतरी मोठा असणार.

आजीला लिहिता येत नव्हतं. पण ती नोंद ठेवायची, हे मला वही भरताना आठवलं. माजघराच्या भिंतीवर, धान्याच्या कोठीमागे, गेरूच्या रेघा असायच्या. गावातली जी बाई पोटुशी तिची एक रेघ. सातवा लागला की रेघेवर टिंब. बाळंतीण सुखरूप सुटली की रेघ बोटानं पुसायची. दर दिवाळीला ती स्वतःच चुना लावायची आणि उरलेल्या रेघा नव्या चुन्यावर पुन्हा काढायची. मी लहानपणी त्या रेघांवरून बोट फिरवलं म्हणून मार खाल्ला होता. कशाच्या रेघा, हे त्या वयात विचारलं नाही.

मोवाडच्या पुराआधीचा श्रावण

या प्रकरणात खरा पेच इथं आहे.

आठव्या दिवशी आमच्या वाड्यासमोर एक मालवाहू ऑटो थांबला. चालवणारा तेहेतीस-चौतीस वर्षांचा. आमच्या आणि त्याच्या घरचं येणं-जाणं नाही, एवढंच मला ठाऊक होतं. तो ओसरीच्या पायरीवर बसला. पाणी घेतलं, आणि म्हणाला, "तुमी साऱ्याईचं लिहून राह्यले म्हंते. माह्या मायचं लिहान काय?"

त्याची आई १९८९ च्या श्रावणात गेली, तो जन्मला त्या रात्री. बाळ सुखरूप आलं, पण वार, म्हणजे बाळामागून पडणारा नाळेचा गोळा, पडली नाही. वार आत राहिली की गर्भाशय आवळत नाही आणि उघड्या राहिलेल्या शिरांतून रक्त जात राहतं. अर्ध्या तासात वार पडली नाही तर बाई हलवायची, हे त्या महिनाभराच्या शिक्षणातच सांगितलेलं होतं. एकदा रक्त असं सुटलं की दोन तासांतही बाई हातची जाते. त्या रात्री बंडी निघेपर्यंत अडीच घंटे गेले. काळ्या मातीत चाकं आरीपर्यंत रुतली, नाल्याला पूर होता, आणि ती नाल्याच्या अलीकडेच गेली.

उशीर का झाला? त्याच्या घरचं म्हणणं असं की सुईन म्हणत राहिली, पडते, थांबा. आमच्या घरी आजवर असं सांगितलं जायचं की त्याच्या आज्यानं दिवसभर डवरणीत राबलेले बैल जुपायला नकार दिला. दोन्ही घरं आपापली गोष्ट घेऊन चौतीस वर्षं बसलेली.

मी ते लिहावं की नाही यावर रात्री घरात वाद झाला. मोठे बाबा चिडले. "मेलेल्या मायवर बोट ठेवता काय तुमी?" मोठी आई गप्प होती. बोलली ती आत्या. तिनं सांगितलं की आजी एकदाच तिच्याजवळ बोलली होती, आत्याचं स्वतःचं बाळंतपण जवळ आलं तेव्हा, तिला वर्ध्याला पाठवताना: "बैल तं लोकाईनं मंग देल्ले असते. मीच थांबली. मले वाटलं पडते. घंटाभर पहिलेच निंगा लागत होतं."

आम्ही ते जसंच्या तसं लिहिलं. त्याच्या घरचं म्हणणं, आमच्या घरचं म्हणणं आणि त्याखाली आजीचं. माझं मत मी तेव्हाही सांगितलं आणि आताही तेच आहे: ही नोंद वहीत नसती तर बाकीच्या १४२ नोंदींवर मी विश्वास ठेवला नसता.

आणि त्या नोंदीमुळेच पुढचं उलगडलं. भिंतीवरच्या रेघा त्या वर्षानंतरच्या आहेत. आधी आजी नोंद ठेवत नव्हती. बाईनं सांगितलेल्या अमावास्या मोजून दिवस धरणं, पायावर सूज दिसली की लगेच नर्सबाईला दाखवणं, आणि पावसाळ्यात जिचे दिवस भरणार तिला नाल्याला पाणी यायच्या आत आर्वीत कोणा नातेवाइकाकडे ठेवणं, हे सगळं १९९० पासूनचं आहे. नातेवाईक नसेल तर? त्यासाठी घरोघर मूठभर ज्वारी गोळा करून ती विकायची आणि तो पैसा खोलीभाड्याला ठेवायचा. बचत गटाच्या आधीचा आमच्या गावातला पहिला बायांचा फंड तो. कोठीशेजारी एक बाज आणि सोल, म्हणजे जाड दोर, कायम ठेवलेला असायचा, बंडी रुतली तर चौघांनी खांद्यावर न्यायला. लहानपणी त्या बाजेवर कोणी झोपलं तर आजी हाकलायची. आम्हाला वाटायचं, सोवळ्याची असेल.

नवव्या दिवशी अजून एक नोंद मिळाली. त्या पोराला पहिले पाच महिने तीन लेकुरवाळ्या बायांनी आळीपाळीनं पाजलं. त्यातली एक त्याला ठाऊक होती, तिला तो दूधमाय म्हणतो, राखीला साडी नेतो. ती म्हणाली, मला रोज पहाटे उठवायला सुईनबाई यायची. त्याच्या बापानं आमच्या आजीला उंबरा बंद केला होता, म्हणून ती मागच्या दारानं त्याच्या आजीच्या हातून लेकरू घ्यायची आणि तसंच परत द्यायची. पाच महिने. हे ऐकताना तो ऑटोच्या चाव्या हातात फिरवत होता. काही बोलला नाही. जाताना विचारलं, "तेरवी कोण्या दिवशी हाये?"

तेरवी

मोठ्या बाबांना गावजेवण घालायचं होतं. "माय गेली अन् गावाले जेवण नाई? लोकं तोंडात शेण घालतीन." त्यासाठी उधार काढायची त्यांची तयारी होती. आत्यानं विचारलं, "दादा, माय कोणाच्या तेरवीत कधी जेवाले बसली काय? थे तं भांडे घासाले जाये."

आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळ जुनं आहे. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत अंत्यसंस्कारावर वेगळा अध्याय आहे, आणि मेल्यावरचा वायफळ खर्च महाराजांना मान्य नव्हता. मंडळाच्या एका वयस्क दादांनी मोठ्या बाबांना तो अध्याय वाचून दाखवला. मोठ्या बाबांनी ऐकला, डोळे पुसले, आणि दोन क्विंटल तूर विकून पंगत घातलीच. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना आपल्या आईसाठी काहीतरी करायचं होतं आणि त्यांना हेच येत होतं. उधार काढली नाही, गोड केलं नाही. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी.

संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेनंतर वही वाचली. सगळी नाही, तासभर. वाचणाऱ्या मुलीनं आधीच सांगितलं, ज्यांचं नाव येईल त्यांनी उभं राहायचं, म्हणजे त्या बाळंतपणात जन्मलेल्यांनी. पन्नाशीचे शेतकरी उभे राहिले, पोळ्या वाढणारी पोरं हातातली परात घेऊन उभी राहिली. श्रावणाच्या नोंदीला मुलगी अडखळली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं तिन्ही म्हणणी वाचली. ऑटोवाला मागे खांबाशी उभाच होता. त्याचे वडील आले नव्हते, आजवर आमच्याकडे आलेले नाहीत.

शेवटी आमची आशाताई बोलली. २००५ नंतर गावोगावी आशा, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, आल्या, दवाखान्यातल्या बाळंतपणाला सरकार पैसे द्यायला लागलं, पुढे १०८ ची गाडी आली. आजीचं काम थांबायचं ते तेव्हाच थांबलं. आशाताई तेव्हा नवीन सून होती, कोणी घरात घेत नव्हतं. तिनं सांगितलं, आजीला तिच्या आधी राग आला होता, दोन महिने बोलली नाही. मग एका रात्री एका घरून आजीलाच बोलावणं आलं, तर आजी आधी आशाताईच्या दारात गेली आणि म्हणाली, "चाल. आता म्या हात नाई लावाचा. तू गाडी बलाव, मी सोबत बसतो." त्यानंतर दहा-बारा वर्षं ती दवाखान्यात फक्त सोबतीला जायची. डॉक्टर बाहेर काढायचे, ही व्हरांड्यात बसायची.

दवाखान्यातून बाळ घरी आलं की आशांना सहा भेटी द्याव्या लागतात, शेवटची बेचाळीसाव्या दिवशी. आशाताईची मागणी एवढीच होती की वही तिच्याकडे असावी. ज्या घरी नव्या सासवा अजून नाळेला हळद लावायला बघतात तिथे ती वही काढते आणि त्या घरच्याच नवऱ्याच्या जन्माची नोंद वाचून दाखवते: नाळ कोरडी ठेवली, काही लावलं नाही.

मूठ ज्वारीचा फंड परत सुरू करायचा विचार निघाला होता, तो बारगळला. गाड्या आहेत, रस्ता डांबरी आहे, गरज कमी आहे. नाल्यावरचा पूल मात्र अजून ठेंगणाच आहे आणि दर पावसाळ्यात दोन-तीनदा पाण्याखाली जातो. बाज आम्ही कोठीशेजारून हलवलेली नाही.

मागच्या महिन्यात आशाताईचा फोन आला. वरच्या आळीतली एक म्हातारी तिच्याकडे काठी टेकत आली होती, माझ्या दुसऱ्या पोरीचं तुमच्या वहीत नाही म्हणून. आशाताईनं फोन तिच्या कानाला लावला आणि मी इकडे लिहून घेतलं. आणीबाणी उठल्यानंतरची दुसरी आखाडी. रात्र. भुरभुर पाऊस. कंदील सासूनं धरला होता, आणि ब्लेड नवं होतं, पाण्यात उकळून घेतलेलं.